ताटातले पाणी

१

सन दोन हजार चोवीस, एप्रिलचा शेवटचा आठवडा. चैत्राचा वद्य पक्ष लागला होता आणि नागपूरच्या उन्हाळ्याने आपले खरे रूप दाखवायला सुरुवात केली होती. सकाळचे दहा वाजले की त्रिमूर्तीनगरातल्या खिडक्या पटापट मिटत, कूलरच्या टाक्या भरल्या जात, आणि मग संध्याकाळपर्यंत घरांत माणसे आहेत की घरे ओस पडली आहेत, हे बाहेरून कोणाला सांगता आले नसते.

शामलाबाई गोतमारे यांच्या घरी मात्र ऋतू कोणताही असो, दिवसाचा क्रम बदलत नसे. अकराला स्वयंपाक उरके, साडेअकराला पान मांडले जाई, आणि जेवण होताच ओटा आरशासारखा पुसून भांडी यंत्रात लागत. यजमान गेल्यापासून पान एकच असे. पण ते मांडण्यात हयगय नव्हती. मीठ ताटाच्या माथ्यावर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. एकट्या बाईने काय, उभ्या उभ्या दोन घास खाल्ले तरी चालतात, असे कोणी म्हटले तर शामलाबाई त्या व्यक्तीकडे अशा बघत की पुढचे वाक्य तिच्या तोंडातच राही.

भांडी धुण्याचे ते यंत्र ही मनोहररावांची हौस. सारी उमर कोराडीच्या वीजकेंद्रात यंत्रांच्या संगतीत गेलेला माणूस. निवृत्तीनंतर हातांना चैन पडेना. टाळेबंदीत कामवाली येईनाशी झाली, तेवढे निमित्त साधून त्यांनी ते आणले. शामलाबाईंचा विरोध होता. उष्टी, खरकटी भांडी पेटीत कोंडून ठेवायची, हे त्यांच्या शिस्तीत बसत नसे. म्हणून त्या प्रत्येक भांडे आधी नळाखाली लख्ख धुवीत आणि मगच यंत्रात लावीत. मनोहरराव कपाळावर हात मारून घेत.

"काहून वं शामला, धुतलेली भांडी धुवाले आणली का मी मशीन? तिले उष्टं लागते. तू तिले उपाशी ठेवून राहिली."

"राहू द्या उपाशी," शामलाबाई म्हणत. "माझ्या घरात खरकटे झाकून ठेवायची पद्धत नाही."

तर त्या दुपारी यंत्राने काम संपल्याची शिटी दिली, शामलाबाईंनी दार उघडले, आणि तळाशी पाणी साचलेले दिसले. चांगले चार बोटे खोल. ते गढूळ नव्हते. फिकट पिवळे होते, हळदीचा हात बुडवून ढवळल्यासारखे. तळाची जाळी फिरवून काढली, तर तिच्यात काळ्या, गुळगुळीत बिया अडकलेल्या. चिंचोके असावेत, असे वाटून त्यांनी एक बी चिमटीत धरली आणि खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात नेली.

चिंचोका नव्हता. सीताफळाची बी होती. आणि एप्रिलात नागपूरच्या कोणत्याही बाजारात सीताफळ मिळत नाही.

२

शामलाबाई काटोलच्या शाळेतून जुनी मॅट्रिक झालेल्या. कारणावाचून कार्य घडत नाही, हे त्यांच्या मनावर फार लहानपणी ठसले होते. त्यांनी स्टुलावर बसून विचार केला.

मनोहररावांना सीताफळ जीव की प्राण. गेल्या आश्विनापर्यंत, म्हणजे ते होते तोवर, रोजच्या जेवणाचा शेवट सीताफळाने होई. तेव्हाच्या काही बिया पाइपाच्या एखाद्या वळणात अडकून राहिल्या असतील. आता त्या सुटल्या आणि त्यांनी वाट अडवली. पिवळा रंग वरणाच्या वाटीचा. झाले, यात नवल ते काय?

फक्त एक गोष्ट या हिशेबात बसत नव्हती. बीच्या टोकाला पांढऱ्या गराचा धागा चिकटलेला होता. आश्विनातला गर चैत्रापर्यंत पांढरा राहत नाही. शामलाबाईंनी ती बी नळाखाली धरली, धागा धुऊन गेला, आणि हिशेब बरोबर आला.

मग त्यांनी पुण्याला मुलीला फोन लावला.

"आई, आधी जाळी साफ कर," मिनल म्हणाली. "मग मागचा पाइप कुठे मुडपलाय का बघ. सिंकची मोरी तुंबली नाही ना? सगळं करून बघ, आणि नाहीच झालं तर मी मेकॅनिक पाठवते."

"जाळी साफच आहे. माझ्या घरी भांडी कशी जातात यंत्रात, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे गं. आंघोळ करून, टिकली लावून."

झाडू-फरशीला येणाऱ्या इंदूबाईच्या मदतीने यंत्र भिंतीपासून ओढले. पाइप सरळ होता. मोरी मोकळी होती. इंदूबाई कमरेवर हात ठेवून यंत्राकडे बघत राहिली. पूर्वी या घरची भांडीही तिच्याकडेच होती.

"पयले माहं काम खाल्लं," ती म्हणाली. "आता पाणी पिऊन राह्यली. पोट फुगलं असन तिचं."

"बोलणे पुरे. ती वाटी दे इकडे."

वाटीवाटीने पाणी उपसताना शामलाबाईंच्या हाताला एक गोष्ट कळली. उन्हाळ्यात त्यांच्या नळाचे पाणी भर दुपारी चटका देई. शिवाय यंत्र पाणी तापवूनच भांडी धुते. हे पाणी माठातल्यासारखे गार होते. आणि त्याला साबणाचा वास नव्हता. जेवून उठलेल्या माणसाच्या हाताला येतो, तसा वास होता.

त्यांनी हे इंदूबाईला सांगितले नाही.

३

मिनलने पाठवलेला वसंत नावाचा कारागीर दुसऱ्या दिवशी आला. तिशीचा, बोलका गडी. गुडघ्यांवर बसून त्याने यंत्राच्या पोटात बॅटरी मारली.

"काकू, पयले एक सांगा. भात-बित तसाच टाकता का आत?"

"आमच्याकडे भांडी धुऊन मगच यंत्रात जातात."

वसंतने मान वळवून बघितले. "मंग मशीन कायले घेतली जी? शोसाठी?"

"ते आमच्या यजमानांना विचारा," असे शामलाबाई सवयीने बोलून गेल्या. वसंतची नजर त्यांच्या मागे, हार घातलेल्या तसबिरीवर गेली. त्याने जीभ चावली आणि तो पेच फिरवू लागला.

पाणी भरून त्याने यंत्र चालवले. पाणी आले तसे घुर्रकन् निघून गेले. पुन्हा भरले, पुन्हा गेले. पंप उघडून पाहिला, पाइपात फुंकर मारली.

"टकाटक आहे, काकू. काहीच नाही झालं हिले." मग जाळी बसवताना तो थांबला. त्याने बोटाच्या टोकावर काहीतरी उचलून धरले. "सीताफळ? आत्ता? कुठं भेटलं तुम्हाले?"

"जुनी बी आहे ती. पाइपात अडकली असेल."

"जुनी नाही जी. गर लागून आहे अजून." त्याने हुंगून पाहिले आणि त्याचा चेहरा खुलला. "काकू, दुकान सांगा ना. माही बायको गरोदर आहे. मागच्या आठवड्यापासून एकच धोशा, सीताफळ आणा. सारं कॉटन मार्केट फिरलो. तिची माय म्हणते, डोहाळे पुरवत नाही, कसा जावई आहे!"

आदल्या दिवशी जाळी शामलाबाईंनी स्वतः धुतली होती, पुसली होती, उन्हात वाळवून मग बसवली होती.

"शेजाऱ्यांनी दिले होते," त्या म्हणाल्या. आयुष्यात फार थोड्या वेळा त्या खोटे बोलल्या असतील, आणि इतक्या सहज तर कधीच नाही.

४

पुढच्या दिवशी त्यांनी यंत्र लावलेच नाही. आपले ताट-वाटी हाताने घासून पालथी घातली. यंत्र रिकामे होते, दार बंद होते, नळाची कळही पिळून बंद केलेली होती. मग त्या दिवाणावर आडव्या झाल्या. खसाचा ओला वास, कूलरची एकसुरी घरघर. डोळा लागतो न लागतो तोच लाइट गेली. कूलर थांबला आणि घरभर दुपार उभी राहिली.

टण्.

काहीतरी बारीक, कठीण, स्टीलवर पडले. शामलाबाईंनी डोळे उघडले नाहीत. उंदीर असेल. थोड्या वेळाने पुन्हा: टण्. उंदीर असा सबुरीने वागत नाही. आवाजाच्या मध्ये जागा होती, आणि ती जागा त्यांच्या ओळखीची होती. गराची फोड तोंडात जाते, गालातल्या गालात फिरते, बी निर्मळ होते, मग ताटात पडते. टण्. मग दुसरी फोड. घाई कशाची?

बिया थांबल्या. आता काय ऐकू येणार, हे शामलाबाईंना ठाऊक होते. आणि ते ऐकू आले. ताटात पाणी ओतल्याचा आवाज. मग बोटे पाण्यात चोळल्याचा.

मनोहरराव जेवण झाले की भांड्यातले उरलेले पाणी ताटात ओतून ताटातच हात धुवीत. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणापासून शामलाबाईंनी या सवयीशी लढाई मांडली होती.

"बेसिन चार पावलांवर आहे," त्या म्हणत.

"चार पावलं चाललो त जेवलेलं जिरून जाते वं," ते म्हणत. आणि ते पिवळे पाणी, काठावर ओळीने मांडलेल्या बिया, असे ताट तसेच पुढ्यात सोडून उठून जात. रोज ते पाणी ओतायचे काम शामलाबाईंचे.

आश्विनात, दसरा होऊन दोन-चार दिवस झाले असतील, ते असेच जेवले, हात धुतला, बोलणी खाल्ली, आणि दिवाणावर जाऊन निजले. चहाच्या वेळी हाक मारली, तर उठले नाहीत. त्या दिवशीचे ताटातले पाणी शामलाबाईंनी रोजच्यासारखे मोरीत ओतून दिले होते. त्याच्याकडे नीट पाहिलेही नव्हते. पाहण्यासारखे त्यात काय होते?

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि यंत्राचे दार उघडले. तळाशी पिवळे पाणी अजून हलत होते.

पहिल्यांदा त्यांना भीती वाटलीच नाही. राग आला. "किती वेळा सांगायचे माणसाला," त्या मोठ्याने म्हणाल्या. मग स्वतःचाच आवाज ऐकून त्या ओट्याला टेकून, फरशीवर, पदर तोंडात धरून पुष्कळ वेळ बसून राहिल्या.

५

दुसऱ्या दिवशी शामलाबाईंनी भरली वांगी केली. ज्वारीची भाकरी, डाळकांदा, कढी. वरच्या फळीवरून मनोहररावांचे नाव कोरलेले ताट काढले. पान वाढले, आणि ते भरलेले ताट दोन्ही हातांनी धरून यंत्राच्या खालच्या खणात ठेवले. ज्या बाईने आजवर उष्टा चमचासुद्धा आत जाऊ दिला नव्हता, तिने अन्नाने भरलेले ताट आत ठेवून दार लावले; यंत्राची कळ मात्र दाबली नाही. मग स्टूल ओढून ती शेजारी बसली.

दार उघडले तेव्हा ताट स्वच्छ होते. पाणी होते. बिया काठावर ओळीने लावलेल्या होत्या.

त्यानंतर शामलाबाई आपले पान वाढून घेऊन जेवल्या. भाकरीला चव होती. आश्विनापासून त्या जेवत होत्या ते केवळ वेळ झाली म्हणून. त्या दिवशी त्यांनी कढी दुसऱ्यांदा घेतली.

मग हाच क्रम झाला. ताट आत ठेवून त्या दाराशी बसत आणि बोलत. नरखेडकडच्या बागांत यंदा मोसंबीला पाणी कमी पडले. कोराडीचे जुने सोबती देवाजी मुलाकडे राहायला गेले. मिनलची बदली अजून अधांतरी आहे. आतून उत्तर येत नसे. पण मनोहरराव जेवताना कधीच बोलत नसत, तेव्हा त्या न बोलण्यातही त्यांची ओळख होती. वसंतचा दोनदा फोन आला. यंत्र उत्तम चालू आहे, असे शामलाबाईंनी त्याला सांगितले.

इंदूबाईच्या नजरेतून काही सुटत नसे.

"बाई, कोनाशी बोलून राह्यल्या?"

"फोनवर."

"फोन त तिकडं चार्जिंगले लावला हाय." ती फडके पिळत राहिली. "अन दोघाईचा सयपाक काहून करता? येकल्या मानसाले येवढी वांगी?"

"तुझी फरशी झाली असेल तर जा तू."

त्याच आठवड्यात मिनलचा फोन आला. दहा मेला अक्षय तृतीया. ती आदल्या दिवशी पोहोचणार होती. "बाबांची घागर भरायची ना, आई. काय काय आणू?"

गोतमाऱ्यांच्या घराण्याची रीत होती. वर्षभरात जो गेला असेल, त्याच्या नावाने अक्षय तृतीयेला मातीची नवी घागर भरायची, पान मांडायचे, आणि त्याचे नाव घेऊन पाणी सोडायचे. त्याचे नाव वेगळे घेण्याची ती शेवटची वेळ. त्यानंतर तो 'सर्व पितरां'तला एक; त्याचे वेगळे पान पुन्हा मांडायचे नाही. सासू-सासऱ्यांच्या घागरी शामलाबाईंनीच भरल्या होत्या, कणभर चूक न होऊ देता.

"यंदा नको," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू."

"आई, तूच सांगायचीस ना, घागर चुकवू नये, गेलेलं माणूस मध्येच उभं राहतं म्हणून?"

"मी काय सांगत होते, ते मला ठाऊक आहे," शामलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. साडेअकरा वाजत आले होते. पान मांडायचे होते.

६

काठावरची ओळ आधी वाकडी झाली. मग बिया काठावर न राहता पाण्यात विखुरलेल्या सापडू लागल्या. मग एके दिवशी त्या फुटलेल्या होत्या.

सीताफळाची बी कोणी चावत नाही. लहान मुलालाही आपण ते शिकवतो. शामलाबाईंनी दुभंगलेली बी हातावर घेतली, तिच्यावरचे दाबाचे दोन खळगे पाहिले, आणि यंत्राच्या पंपाने भरडली असेल, असे स्वतःला समजावले. पण यंत्र इतक्या दिवसांत चालवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बियांचा नुसता चुरा होता. त्यानंतर बिया आल्याच नाहीत.

आणि ताट. मनोहरराव टापटिपीने जेवणारे. मिरचीचे देठ, कढीपत्ता, शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा, सारे डाव्या कोपऱ्यात नेटके गोळा करून ठेवणार. आता देठ उरत नव्हते. शेंगांचा चोथा उरत नव्हता. आमसुलाच्या साली गेल्या, दालचिनीची काडी गेली. पूर्वी जेवणाला जो वेळ लागे, त्याच्या निम्माही लागेना. त्यानंतर ऐकू येई तो रिकाम्या ताटावर बोटे फिरल्याचा आवाज. फिरत, फिरत, फिरत.

शामलाबाईंनी भाकऱ्या वाढवल्या. ते फिरणे थांबले नाही.

तेव्हा त्यांनी कारली आणली. साऱ्या संसारात मनोहररावांनी कारले खाल्ले नव्हते. आईने दटावले, बायकोने गूळ-चिंच घालून फसवून पाहिले, डॉक्टरने मधुमेहाचे भय घातले. ताटात कारले दिसले की ते उठून जात. शामलाबाईंनी कारली मुद्दाम न पिळता, गुळाचा खडा न घालता केली. ताटात दुसरे काही वाढले नाही. दार लावले आणि हात जोडून बसल्या. ती भाजी तशीच्या तशी राहिली असती, तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली असती.

आतले फिरणे सुरू झाले, तरी त्यांनी दार उघडले नाही. सारे शांत झाल्यावर उघडले.

ताट धुतल्यासारखे होते. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन तिरपे धरून पाहिले. कारल्याची एकही बी उरली नव्हती.

७

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. त्यांच्या यजमानांच्या ताटात दुसरेच कोणी जेवत होते. किंवा जेवणारे तेच होते, आणि भुकेने त्यांच्या आवडी-निवडीसुद्धा खाऊन टाकल्या होत्या. यांतले अधिक वाईट कोणते, याचा शामलाबाईंना रात्रभर निवाडा करता आला नाही. पाहिल्याशिवाय तो होणारही नव्हता.

त्या दुपारी त्यांनी साधे वरण-भात-तूप वाढले, दार लावले, आणि फिरण्याचा आवाज ऐन भरात असताना कडी ओढली.

फार काही दिसले नाही. गार, ओलसर हवा तोंडावर आली. तिला सीताफळाचा वास होता, पण अति पिकून आंबलेल्या सीताफळाचा. खालच्या खणात ताट होते. ताटात एक हात होता. मनगटाच्या वर काय होते, ते यंत्राच्या अंधारात गेलेले होते, आणि तिकडे शामलाबाईंनी पाहिले नाही.

उजवा हात. फार वेळ पाण्यात राहिल्याने बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा डाग, कोराडीच्या पहिल्या वर्षातला. त्यावर शामलाबाईंनी स्वतः महिनाभर मलम लावले होते.

दार उघडले म्हणून तो थांबला नाही. रिकाम्या ताटावरून बोटे फिरत होती, काठापर्यंत येत होती, परतत होती, शीत शोधत होती.

"अहो," शामलाबाई म्हणाल्या.

बोटे काठावर आली आणि या वेळी काठ ओलांडून बाहेर आली. शामलाबाईंचा हात खणाच्या कडेवर होता. बोटे त्या हातावर चढली. पेरांवरून गेली, नखे चाचपली, बांगडीखाली शिरून मनगट चाचपले, तळवा उलटा करून त्याची खोलगट जागा टिपून पाहिली. शामलाबाईंनी हात मागे घेतला नाही. त्या वाट पाहत होत्या. बोटे एखाद्या खुणेशी थांबतील, थोडी दाबतील, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

तिथे खाण्यासारखे काही नव्हते. बोटे ताटात परत गेली.

शामलाबाईंनी दार लावले. आपटले नाही. भिंतीतला प्लग उपसून काढला, स्टूल जागेवर ठेवले, आणि संध्याकाळी पुण्याला फोन केला.

"घागर भरू," त्या म्हणाल्या. "तू ये."

मधल्या दिवसांत त्यांनी यंत्रात काही वाढले नाही. दुपारी त्या शेजारच्या करिष्माकडे जाऊन बसत. ती विचारी, काकू, आज इकडे कशा? कूलर बिघडला, असे त्या सांगत.

८

शुक्रवार, दहा मे. अक्षय तृतीया.

मातीची तांबूस घागर गव्हाच्या राशीवर बसवली होती. तिच्या तोंडावर खरबूज ठेवले होते. पान मांडून झाले होते: पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी, वडे. मिनल आदल्या दिवशीच आली होती आणि आईकडे पाहून दचकली होती.

"किती वाळलीस गं. जेवत होतीस ना?"

"सयपाक त दोघाईचा करे," इंदूबाई दारातून म्हणाली.

मुलगा नव्हता, म्हणून पाणी शामलाबाईंनीच सोडायचे होते. त्या पाटावर बसल्या. ओंजळीत तीळ घेतले, मिनलने तांब्यातून पाणी घातले. म्हणायचे ते इतकेच होते: गेलेल्याचे नाव, आणि मग, यांच्यासह सर्व पितर तृप्त होवोत. सासऱ्यांच्या वेळी त्यांनी ते एका दमात म्हटले होते.

"मनोहर गणपतराव गोतमारे," शामलाबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात घळ्ळ असा आवाज झाला.

"आई, मशीन चालू आहे?"

"नाही."

यंत्रातले पाणी थोडे उतरले आणि थांबले. कोणी आपले नाव घेतले की चालता चालता माणूस जसे थांबते, तसे थांबले. ओंजळीतले पाणी बोटांच्या फटीतून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत आले.

इथेच गप्प राहता येईल, हे शामलाबाईंना स्पष्ट दिसले. नाव एकटेच राहील. मिनल चार दिवसांनी परत जाईल. साडेअकराला पान मांडता येईल. तो हात त्यांना विसरला होता. आवड विसरला होता, तृप्ती विसरला होता. पण हात होता. त्यांच्या हातावरून फिरला होता. अशा हाताखालीही माणसाला पुष्कळ दिवस काढता येतात.

आणि त्या आतल्या अंधारात तो किती दिवस ताट चाचपत बसेल?

"आई," मिनल हळूच म्हणाली. "पुढचं म्हण ना."

ओंजळीत पाणी अगदी थोडे उरले होते.

"यांच्यासह," शामलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ उच्चारला. "यांच्यासह सर्व पितर तृप्त होवोत."

ओंजळ घागरीपुढे रिकामी झाली. भिंतीतला प्लग अजून लोंबतच होता. पण आतले पाणी सुटले. ते घळघळत पाइपात उतरले, भिंतीतून खालच्या मजल्यावर गेले, तिथून आणखी खाली, अंगणातल्या नालीपर्यंत. शामलाबाई मान किंचित तिरकी करून शेवटच्या थेंबापर्यंत ऐकत राहिल्या. मिनलने उठून यंत्राचे दार उघडून पाहिले.

"कोरडं ठणठणीत आहे," ती म्हणाली. "उगाच काळजी करत होतीस. झालं ना आता?"

"झाले," शामलाबाई म्हणाल्या. "पाने घे. इंदूबाई, तूही बस."

मिनलने आमरसाचे पातेले आणले. कूलर घरघरत होता, खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्या होत होत्या, इंदूबाई कुरडई मोडता मोडता आपल्या जावयाची कागाळी सांगत होती. घरात पुष्कळ आवाज होते. त्यांतला एकही शामलाबाईंसाठी नव्हता.